स्प्रिंटमध्ये न मावणारे काम: या चुका टाळा

पुण्यात हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा या तिन्ही ठिकाणी मी स्क्रम मास्टर म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअर टीमला स्क्रम या पद्धतीने काम करायला मदत करणारा म्हणून, काम केले आहे, आणि स्प्रिंटच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्याच्या, प्लॅनिंगच्या बैठकीत "आत्ता घेऊन तर ठेवू, पुढचं पुढे बघू" हे वाक्य तिन्ही ठिकाणी ऐकले आहे. त्यानंतरचे सगळे निस्तरण्याचा आता कंटाळा आल्यामुळे हे लिहीत आहे.

पहिली चूक म्हणजे कॅलेंडर न उघडता काम घेणे. २०२३च्या सप्टेंबरमधला आमचा एक स्प्रिंट सोमवार १८ ते शुक्रवार २९ असा होता, म्हणजे कागदावर कामाचे १० दिवस, आणि टीममध्ये ७ माणसे होती. आधीच्या तीन स्प्रिंटमध्ये ३१, ३६ आणि ३५ पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी माप) पूर्ण झाले होते, म्हणजे सरासरी ३४. महिनाअखेरीस ग्राहकाला डेमो द्यायचा असल्यामुळे आम्ही ४१ घेतले आणि त्या बैठकीत मीही गप्प बसलो. १९ तारखेला गणपती बसणार होते, २८ला अनंत चतुर्दशी होती आणि मधल्या गुरुवार-शुक्रवारी गौरींसाठी चौघे जण रजेवर जाणार होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. फक्त ते मोजले कोणी नाही. ७० मनुष्यदिवसांतून सुट्ट्यांचे १४ आणि रजांचे ८ वजा केले की ४८ उरतात, आणि त्या प्रमाणात ३४ पॉइंटचे जेमतेम २३ होतात.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरांनी दुसऱ्या टीममधले दोघे मदतीला पाठवले. दोघेही हुशार होते, पण पेमेंटचा कोड जिला सर्वांत चांगला ठाऊक होता, तिचे दोन दिवस त्यांना तो समजावून देण्यातच गेले. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे सॉफ्टवेअरतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. आपला प्रकल्प त्याला अपवाद आहे असे मात्र प्रत्येक मॅनेजरला वाटते. त्यातच विसर्जन मिरवणूक नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीही चालू राहिल्यामुळे पेठेत राहणारे दोघे २९ला ऑफिसात पोहोचूच शकले नाहीत. ४१ पैकी १९ पॉइंट पूर्ण झाले.

तेव्हापासून मी प्लॅनिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला रजा विचारून त्या वहीत मांडतो, पालखी शहरात असते तो दिवसही अर्धाच धरतो आणि उरलेल्या आकड्यातला पाचवा हिस्सा प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, अडचणींसाठी सोडून देतो. मग अग्रक्रमाने लावलेल्या यादीत तो आकडा जिथे भरतो तिथे लाल रेघ ओढतो. रेघेखालचे काम वर हवे असेल, तर त्याच्या बदल्यात काय खाली जाणार हे प्रॉडक्ट ओनरनेच, म्हणजे कोणते काम आधी हे ठरवणाऱ्यानेच, सांगायचे.

दुसरी चूक स्प्रिंट संपताना होते. उरलेले काम कुठे हलवायचे असे जिरा हे कामांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर विचारते आणि आपण सवयीने पुढचा स्प्रिंट निवडतो. वास्तविक स्क्रमची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडनुसार अपूर्ण काम प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या सगळ्या कामांच्या यादीत, परत जाते आणि ते पुन्हा घ्यायचे की नाही हे नव्याने ठरते. आमच्या उरलेल्या २२ पॉइंटमध्ये एक ५ पॉइंटचा एक्स्पोर्ट रिपोर्ट होता; प्रॉडक्ट ओनरने विचारले, तेव्हा ग्राहकाला तो आता नकोच आहे असे कळले. जिराच्या एका क्लिकवर आम्ही तो इमानेइतबारे बांधून दिला असता.

याच वेळी ८ पॉइंटच्या अर्धवट स्टोरीचे (यादीतल्या एका कामाचे) ७ पॉइंट या स्प्रिंटला आणि १ पुढच्याला, अशी वाटणीही होते. दोन दिवसांचा कोर्स करून आलेल्या नव्या स्क्रम मास्टरांना व्हेलॉसिटीचा, म्हणजे दर स्प्रिंटला पूर्ण होणाऱ्या पॉइंटांचा, आलेख चढता दिसण्याची फार घाई असते आणि ही युक्ती त्यांना लवकर सापडते. माझ्याकडे काम पूर्ण होईपर्यंत शून्य आणि ज्या स्प्रिंटमध्ये पूर्ण होईल तिथे सगळे पॉइंट, एवढाच हिशेब असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. काम संपले नाही म्हणून स्प्रिंट दोन दिवस लांबवू नये. मोठी स्टोरी "आधी डेटाबेस, मग एपीआय, मग स्क्रीन" अशी तोडू नये, कारण तिन्ही तुकडे पूर्ण होईपर्यंत दाखवण्यासारखे काहीच हातात येत नाही. शनिवार-रविवार कॅपॅसिटीत, म्हणजे हाताशी असलेल्या मनुष्यदिवसांत, धरू नयेत. आणि ठरवलेल्या यादीला "कमिटमेंट" म्हणणे सोडावे: स्क्रम गाइडने २०११ मध्येच तिथे "फोरकास्ट" (अंदाज) हा शब्द आणला, आणि २०२०च्या आवृत्तीत कमिटमेंट आहे ती स्प्रिंट गोलसंबंधी, म्हणजे स्प्रिंटच्या उद्दिष्टासंबंधी, यादीसंबंधी नव्हे.

इतके करूनही काम जास्त झाल्याचे मध्येच लक्षात आले, तर मी त्याच दिवशी, डेलीनंतर (रोजच्या छोट्या बैठकीनंतर) लगेच, वही घेऊन प्रॉडक्ट ओनरच्या टेबलापाशी जातो आणि गोलला धक्का न लावता काय काढता येईल ते विचारतो. पाचव्या दिवशी विचारले तर निम्म्या वेळा काहीतरी निघते. नवव्या दिवशी विचारले तर ग्राहकाला कळवायचा ईमेल तेवढा लिहायचा उरतो.