लोकार्पणानंतर बाग का बिघडते? नगरपरिषदेच्या बागांमधल्या या चुका टाळा

तालुक्याच्या गावात नवी बाग झाली की पहिले काही महिने संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या उन्हाळ्यात जाऊन पाहा. कारंज्यात पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या, हिरवळ उरलेली ती फक्त नळाच्या आसपास, एक झोपाळा साखळीसकट गायब, स्वच्छतागृहाला कुलूप. कोनशिला मात्र चकचकीत असते. मग सभागृहात ठरलेलं वाक्य येतं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." हे मला पटत नाही. नासधूस होते, नाकारत नाही. पण बाग कशी आणि कधी बिघडणार, हे बरंचसं अंदाजपत्रक करतानाच ठरून गेलेलं असतं.

बांधायला पैसा, राखायला नाही

नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. बागेला पैसा येतो तो बहुतेक अशा वाटांनी, आणि येतो तो बांधकामासाठी. माळ्याचा पगार, मोटारीचं वीजबिल, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल हे सगळं पालिकेच्या स्वनिधीतून भागवायचं असतं. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1992 मध्ये उद्यानं आणि क्रीडांगणं बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, घातली खरी. पण राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात बागा राखणं हे सफाई-दिवाबत्तीसारखं बंधनकारक कर्तव्य नाही, ते ऐच्छिक कर्तव्यांत मोडतं. घरपट्टीची वसुली घसरली की पहिली कात्री कुठं लागते, हे सांगायला नको.

म्हणून सगळ्यात मोठी चूक निविदेत होते. "अमुक प्रभागात उद्यान विकसित करणे" असं ठोक काम निघतं, ठेकेदार फरसबंदी-रंगरंगोटी करून अंतिम देयक घेतो आणि जातो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, कागदावर असतो, पण त्यात बांधकामाच्या भेगा येतात. मेलेली रोपं, गंजलेला झोपाळा, बंद पडलेला पंप यांचं नाव कुणी घेत नाही. त्यापेक्षा त्याच निविदेत तीन वर्षांची देखभाल घाला. तिची रक्कम वेगळी दाखवा आणि ती महिन्याच्या महिन्याला, तपासणी पत्रक भरल्यावरच द्या. मर झालेली रोपं त्याच जातीची आणि त्याच उंचीची बदलून द्यायची, हेही लिहून घ्या. नाहीतर आठ फुटी ताम्हणाच्या जागी पावसाळ्यात वीतभर अशोक येतो आणि मोजमाप पुस्तिकेत दोन्हींची नोंद "झाड, एक नग" अशीच पडते.

आराखड्याच्या आधी दोनच गोष्टी पक्क्या करायच्या असतात, पाणी कुठून येणार आणि माळी कोण. एकरभर बागेला एक पूर्णवेळ माणूस हवाच. हिरवळ मोठी असेल तर दोन. तेवढी ऐपत नसेल तर बाग लहान करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

हिरवळीचा हट्ट

एक मिलीमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची तर रोज निदान पाच मिलीमीटर पाणी लागतं. एकरभर लॉनला रोज सुमारे 20 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी 135 लिटरचा मापदंड धरला तर हे दीडशे माणसांचं पाणी झालं. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं मेक्सिकन लॉन अंथरणारा आराखडा मुळात मंजूरच व्हायला नको.

हिरवळ ठेवायचीच असेल तर जिथं मुलं लोळतात आणि कुटुंबं डबा घेऊन बसतात तेवढ्या तुकड्यात ठेवा. बाकी जागेत सावलीची झाडं आणि खाली पालापाचोळ्याचं आच्छादन पुरतं. गावात सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर त्याच्या पाण्याची वाहिनी बागेपर्यंत आणणं हा खर्च लवकर वसूल होतो. त्या पाण्याच्या नळावर "पिण्यासाठी नाही" असं ठळक लिहायला मात्र विसरू नका.

हिरवळ पिवळी पडली की लगेच युरिया मारायची घाई नको. आधी खाली बसून बघा. पिवळा पट्टा एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत सरळ जात असेल तर तो लोकांनी पाडलेला रस्ता आहे. तिथं कुंपण घालून भांडू नका, मुरूम टाकून पायवाटच करा. झाडाखालचं गवत विरळ झालं असेल तर ते उन्हाअभावी, तिथं पुन्हा पुन्हा लॉन लावणं म्हणजे पैसे पुरणं. आणि पावसाळ्यानंतर मधूनच गोल गोल तुकडे सुकत असतील तर त्या जागेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं अलगद सुटून हातात आलं, तर मुळं हुमणीनं खाल्लेली आहेत. खालची माती बोटानं उकरली की पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसतात. मग खताचा काही उपयोग नाही. कृषी विभागाच्या माणसाला बोलवा, आणि पुढच्या मोसमात बागेत कच्चं शेणखत टाकू नका.

पाच जूनची झाडं

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो आणि मान्सून मुंबईतसुद्धा सरासरी 11 जूनला पोचतो. विदर्भात त्याहून उशिरा. तरी फोटोसाठी रोपं 5 जूनला लागतात आणि पंधरवड्यात निम्मी वाळतात. त्या दिवशी खड्डे खणायचा कार्यक्रम ठेवा, भाषणंही होऊ द्या. खड्डे उन्हात तापू द्या आणि दोन चांगले पाऊस पडून माती खोल भिजली की रोपं लावा. काळी पिशवी फाडून काढा. हे लिहावं लागतं, कारण पिशवीसकट पुरलेली झाडं दोन वर्षांनी वाऱ्यात आडवी होतात आणि मुळं पिशवीच्याच आकाराची निघतात.

जात निवडताना लवकर वाढतं म्हणून कोनोकार्पस लावू नका. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब, कांचन ही आपल्याकडे जमणारी झाडं आहेत. जागा प्रशस्त असेल तर कोपऱ्यात एखादा वड किंवा उंबर, भिंतीपासून लांब.

पुढची चूक पेव्हर ब्लॉकची. खोडाला भिडवून फरशी बसवली की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि चार वर्षांनी मुळं फरशी उचलतात ते वेगळंच. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीसंदर्भात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडण्याचा आदेश दिला होता. तेच माप आपल्या अंदाजपत्रकात धरावं. चालायच्या वाटेलाही पेव्हर नको. मधे किंचित उंच, कडांना दोन टक्के उतार, दाबलेला बारीक मुरूम, इतकी वाट गुडघ्यांनाही बरी आणि खिशालाही. फांद्या छाटायच्या त्या पावसाळ्यापूर्वी, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम पालिकेच्या स्वतःच्या बागेलाही लागू आहे, हे ठेकेदाराला कुणी तरी सांगायला हवं.

खेळणी: इथं चूक माफ नाही

बागेत मुलांना होणाऱ्या इजांपैकी बहुतेक पडून होतात. म्हणून खेळण्याच्या किमतीपेक्षा त्याखालच्या जमिनीकडे आधी पाहा. घसरगुंडीच्या तोंडाशी काँक्रीट किंवा पेव्हर असेल तर ती घसरगुंडी आजच दोरी बांधून बंद करा. नदीची धुतलेली वाळू 30 सेंटीमीटर जाडीची हवी. खेळून ती बाजूला सरकते, म्हणून दर आठवड्याला ओढून परत जागेवर आणायची. वाळूत कुत्री-मांजरी घाण करतात ही तक्रार खरी आहे. माळ्याच्या सकाळच्या कामांत वाळू चाळणं धरा. रबरी फरशी चालते, पण ऊन आणि वर्षं खाऊन ती टणक होते. अंगठ्यानं दाबली आणि दबली नाही तर बदला.

झोपाळ्याला पुढं आणि मागं टांगणीच्या उंचीच्या दुप्पट जागा रिकामी लागते. आपल्याकडे दोन झोपाळ्यांच्या मधूनच घसरगुंडीकडे जायची वाट असते आणि तिथंच टेंगळं येतात. जाळीच्या किंवा कठड्याच्या गजांमधलं अंतर 89 ते 230 मिलीमीटरच्या दरम्यान असेल तर लहान मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. फट एकतर त्याहून लहान हवी किंवा मोठी. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा किंवा ती झाडाच्या सावलीत बसवा. मे महिन्यात दुपारी दोनला तिच्यावर तळहात ठेवून पाहिलात तर वेगळं कारण द्यावं लागणार नाही.

आता झोपाळ्याची कडी. साखळी वरच्या आडव्या नळीला जिथं अडकते ती कडी खालून चांगली दिसते, कारण झीज तिच्या आतल्या बाजूला होते. शिडी लावून साखळी उचलायची आणि कडीचा आतला भाग बोटानं चाचपायचा. मूळ जाडीच्या तिसऱ्या भागाइतकी खाच पडली असेल तर कडी बदलायची, वेल्डिंग करून भरायची नाही. भरलेली जागा ताणाखाली तुटते. हे काम आठवड्यातून एकदा केलं तर अर्ध्या तासाचं आहे. प्रत्येक खेळण्यावर रंगानं क्रमांक टाका, वहीत त्या क्रमांकापुढं तारीख आणि सही घ्या. अपघात झाल्यावर सगळ्यात आधी हीच वही मागतात, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

ओपन जिमबद्दल थोडंच सांगतो. बेअरिंगला दर महिन्याला ग्रीस आणि पायाच्या बोल्टांना पाना, एवढं केलं तर ती टिकते. लहान मुलं त्यांवर लोंबकळणारच, म्हणून ती खेळण्यांपासून लांब आणि सकाळच्या सावलीत बसवा.

कुलूप लावून जपलेली बाग

अकराला बंद, चारला उघडी. दुपारी प्रेमी युगुलं आणि पत्ते खेळणारी टोळकी येतात म्हणून कुलूप, असं सांगतात. पण दुपारी सावली कुणाला हवी असते? एसटीची वाट पाहणाऱ्या म्हातारीला, दोन डिलिव्हरींच्या मधे टेकणाऱ्या मुलाला, घरी जागा नाही म्हणून अभ्यासाला येणाऱ्या पोरींना. त्रास देणाऱ्या चार जणांपायी उरलेल्या सगळ्यांना बाहेर काढणं मला पटत नाही. रिकाम्या बागेतच उपद्रव वाढतो. वर्दळ ठेवली, एक पहारेकरी फिरता ठेवला की तो आपोआप घटतो.

मुलींचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं, की नऊ वर्षांपुढच्या मुलींचं बागांत येणं बंद होतं, मुलं मात्र येतच राहतात. सगळी मोकळी जागा एका चेंडूनं व्यापली की बाकीचे काठावर सरकतात, हे त्यामागचं कारण. तिथं जागेचे लहान लहान भाग पाडले, बसायचे कोपरे केले, आणि मुली परतल्या. आपल्याकडे कोणत्याही बागेत संध्याकाळी साडेसहाला दहा मिनिटं उभं राहून कोण कुठं आहे ते मोजा, वेगळं सर्वेक्षण लागत नाही. उंच हायमास्टचा उजेड झाडांच्या माथ्यावर पडतो आणि वाटेवर अंधारच राहतो; माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर, फांद्यांखाली येतील असे छोटे खांब हवेत. आणि स्वच्छतागृह उघडं, पाण्यासह. बायका बागेत किती वेळ थांबतील ते बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

संगीत कारंज्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बसवू नका. बोअरच्या जड पाण्यानं कारंज्याच्या तोंडांत क्षार साचतात, पंप बिघडतो, आणि बंद हौदात डासांची पैदास सुरू होते. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आधीच बसवलेलं असेल आणि चालत नसेल तर हौदाच्या तळाला भोक पाडा, माती भरा, कर्दळ लावा.

मैदानं भाड्यानं देताना मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवायची अट आणि ते न बुजवल्यास जप्त होणारी अनामत ठेवा. नाहीतर लग्नसराई आणि गणपतीनंतर उरते ती पाय मुरगळायची जागा. धुळीवर उतारा म्हणून तांबडी माती आणून पसरण्याआधी मुंबईच्या शिवाजी पार्कात तिच्या धुळीवरून रहिवाशांच्या तक्रारी किती वर्षं चालल्या ते विचारून घ्या.

कागद

शेवटी जमीन, जिच्याकडे उद्घाटनाच्या गडबडीत कुणीच पाहत नाही. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे म्हणजे जागा पालिकेची झाली असं नव्हे. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यापुढच्या 24 महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. उलट जागा ताब्यात असेल तर ती सहजासहजी दुसऱ्या कामाला वळवताही येत नाही. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये रद्द ठरवला. म्हणून प्रत्येक बागेचा उतारा काढा, पालिकेचं नाव लागलंय का ते बघा, अभिन्यासातली (लेआउटमधली) खुली जागा असेल तर ती हस्तांतरित झाल्याचा कागद शोधा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. कुंपणाची निविदा त्यानंतर काढा.