डीहावर विहार शोधताय? या चुका टाळा

आपल्याकडे बौद्ध विहार, म्हणजे भिक्षूंचे मठ म्हटलं की कान्हेरी, कार्ले, अजिंठा डोळ्यांसमोर येतात. कातळात कोरलेले, म्हणून जागेवर टिकलेले. गंगेच्या गाळाच्या मैदानात मात्र विहार विटांचे. ते ढासळले, वर माती चढली आणि आज शेतांमध्ये नुसता उंचवटा दिसतो. आपण ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतो, त्याला तिकडे डीह किंवा टीला म्हणतात. लेणी पाहायच्या सवयीनं तिथं गेलं की हमखास चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी नाव ठरवणं. सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याचं वर्णन उघडायचं, ‘इतके ली आग्नेयेला’ वाचायचं आणि नकाशावर बोट ठेवायचं. पण ली हे चिनी अंतराचं माप नेमकं किती, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी अशाच वर्णनांवरून उत्तर प्रदेशातलं सहेट-महेट म्हणजे बुद्धकाळातलं श्रावस्ती नगर असं मांडलं. तिथं बोधिसत्त्वाची मोठी मूर्ती मिळाली, तिच्यावर कोरलेल्या लेखात श्रावस्तीचं नावही होतं. तरी इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी हरकत घेतली, की मूर्ती दुसरीकडून आणलेली असू शकते. माझ्या मते ही हरकत रास्तच होती. पुढे १९०८ मध्ये सहेटच्या एका विहारात गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा ११३० चा ताम्रपट निघाला. जेतवन या श्रावस्तीच्या प्रसिद्ध महाविहारातल्या भिक्षुसंघाला गावं दान दिल्याची त्यात नोंद आहे. कनिंगहॅम यांचं म्हणणं खरं ठरलं, पण त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं जावी लागली. तुमच्या वहीत म्हणून तीन रकाने ठेवा: डोळ्यांनी पाहिलेलं, लोकांनी सांगितलेलं, आपला अंदाज. ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

मातीच्या मुद्रेचं, म्हणजे मातीवर उमटवलेल्या शिक्क्याच्या ठशाचंही तसंच. नालंद्याला ‘महाविहारीय आर्य भिक्षुसंघ’ असे ठसे मोठ्या संख्येनं मिळाले, म्हणून ते भक्कम पुरावा ठरतात. एकटा ठसा पत्राबरोबर बाहेरून आलेला असू शकतो. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाला तर कपिलवस्तूचं नाव असलेले ठसे निघाले, तरी खरं कपिलवस्तू आपणच, हा नेपाळमधल्या तिलौराकोटचा दावा आजही उभा आहे.

गावात शिरल्यावर ‘इथं बुद्धविहार होता का?’ असं विचारू नका. पाहुण्याचं मन राखायला लोक ‘हां, हां’ म्हणतात. त्याऐवजी ‘विहीर खणताना काय लागलं?’, ‘घराच्या जोत्याला या विटा कुठून आणल्या?’ असं विचारा. आणि बाबा, देवी, भैरव म्हणून पुजल्या जाणाऱ्या मूर्तींकडे पाठ फिरवू नका. कुशीनगरची एक बुद्धमूर्ती ‘माथा कुँवर’ आणि नालंद्याची एक ‘तेलिया बाबा’ म्हणून ओळखली जाते. त्यांच्यावरचा शेंदूर-तेल मात्र खरवडायचं नाही, आणि पूजा करणाऱ्यांना विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

विटा मोजताना एकच वीट घेऊन थांबू नका. शक्य तेवढ्या अखंड विटांची लांबी, रुंदी, जाडी घ्या आणि प्रत्येक वीट कुठं पाहिली तेही लिहा. मौर्यकाळातली मोठी वीट पुढच्या बांधकामात परत वापरलेली असू शकते, त्यामुळे जुन्या विटेवरून भिंतीचं वय काढता येत नाही.

फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण हवाच. कोरीव लेखावर खडू, पाणी, पावडर काहीही लावू नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात. खापर उचलून घरी आणू नका, परवान्याशिवाय उकरू तर मुळीच नका. काही उघडं पडलेलं दिसलं तर जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. अचूक अक्षांश-रेखांश अहवालात द्या, सोशल मीडियावर नको. मूर्तिचोरही तिथं वाचतात.

आणि नोंद पुढच्या फेरीवर ढकलू नका. १७९४ मध्ये बनारसच्या जगतसिंगांच्या माणसांनी विटांसाठी सारनाथचा स्तूप फोडला. आतल्या करंड्यातल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. तेव्हाचे तिथले रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी जोनाथन डंकन, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांनी हे लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं.