ऑनलाइन माहिती तपासताना या चुका टाळा

अनोळखी संकेतस्थळ उघडायचं, वरपासून खालपर्यंत मन लावून वाचायचं, ‘आमच्याविषयी’वर नजर टाकायची आणि ‘भरवशाचं दिसतंय’ म्हणून वहीत उतरवून घ्यायचं. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आळशी नाही, मेहनती मुलं करतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पानं दाखवली. एक १९३० पासूनची मोठी संस्था, दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. नावं जवळपास सारखी, पानं दोन्ही नेटकी. बहुतेक विद्यार्थ्यांना छोट्या गटाचा लेख जास्त विश्वासार्ह वाटला. इतिहासतज्ज्ञही गोंधळले (पीएचडी असून!). तथ्य-तपासनीस मात्र पान नीट वाचतच बसले नाहीत. नवी टॅब उघडून, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिलं. स्वतःच्या पानावर स्वतःला कोण नावं ठेवणार?

पत्त्यातल्या ‘डॉट ऑर्ग’वर भाळू नका, पैसे भरले की तो कोणालाही मिळतो. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की तुमची आणि संकेतस्थळाची देवाणघेवाण मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही. समोरचा खरं बोलतो याची ती हमी नव्हे.

फोटोचं आणखी अवघड. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेमुळे वेडीवाकडी झालेली म्हणून फिरणारी फुलं स्टॅनफर्डच्याच पाहणीत शाळकरी मुलांना दाखवली होती. फोटो कोणी काढला, कुठे काढला, असा प्रश्न २० टक्क्यांहूनही कमी मुलांनी उपस्थित केला. फुलं खरीही असतील, पण किरणोत्सर्गाचा संबंध फोटोतून कसा कळणार? अशा वेळी तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाका आणि तो आधी कुठे, कोणत्या तारखेला आला होता ते बघा.

‘तीन ठिकाणी हेच लिहिलंय’ हाही पुरावा धरू नका. तिघांची वाक्यं शब्दशः जुळली, तर बहुधा एकानेच लिहिलंय आणि दोघांनी उचललंय. विकिपीडियाला शिक्षक नाक मुरडतात, पण लेखाच्या तळाचे संदर्भ उघडून वाचले तर तिथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. एआय चॅटबॉटने दिलेले संदर्भ मात्र एकेक शोधून पाहा; त्यातलं एखादं पुस्तक मुळात लिहिलंच गेलेलं नसतं.