एचपीव्ही, गाठीचा रक्तपुरवठा आणि आपले गैरसमज: या चुका टाळा

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला की घरात रडारड सुरू होते. पहिली चूक इथेच. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. धोका तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो तेव्हाचा, त्यातही १६ आणि १८ या प्रकारांचा. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवू नका.

विषाणू स्वतःच रक्तवाहिन्या तयार करतो, हाही गैरसमज. पेशीत पी५३ आणि आरबी ही वाढीला लगाम घालणारी प्रथिनं असतात. विषाणूचं ई६ प्रथिन पी५३चा काटा काढतं, ई७ आरबीला निकामी करतं. मग पेशी बेलगाम वाढतात. पण गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की आत प्राणवायू पुरत नाही. नव्या रक्तवाहिन्यांशिवाय ती वाढत नाही, हे अमेरिकन शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. उपाशी पेशी व्हीईजीएफ नावाचं, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटतात. ई६-ई७मुळे या व्हीईजीएफला आणखी जोर चढतो.

या नव्या वाहिन्या कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख तपासताना, चक्क दिसतात. हिरवा फिल्टर लावला की त्या काळ्या उठून दिसतात: कुठे ठिपके, कुठे फरशीसारखी नक्षी, कुठे स्वल्पविरामासारख्या वेड्यावाकड्या. त्या नाजूक असतात, धक्का लागला की फुटतात. म्हणूनच संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर ‘या वयात होतंच’ म्हणून सोडून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दुर्दैवाने, ती सर्रास होते.

बेव्हॅसिझुमॅब हे औषध व्हीईजीएफला अडवतं, मग गाठ उपाशी मरेल, असं काहींना वाटतं. बळावलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण किमान जितके जगले ते) १३.३ वरून १७ महिन्यांवर गेलं. फायदा खरा, पण मर्यादित. औषध चालू असताना बीपी वाढतं, जखम भरायला वेळ लागतो. तेव्हा दात काढायचा असला तरी आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

एचपीव्हीची लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, आणि ती घेतली म्हणून तपासणी सुटत नाही. पुण्यात तयार होणारी सर्वाव्हॅक ९ ते १४ वयात दिली तर दोन डोस पुरतात. तिशी ओलांडलेल्यांसाठी मात्र उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास वाचण्यासारखा आहे: एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते.