पीसी कॅबिनेट कसं पारखावं: आधी वजाबाकी, मग काच आणि दिवे

कॅबिनेटच्या माहितीत ‘ग्राफिक्स कार्ड ३३० मिमीपर्यंत’ असं छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो, पण बऱ्याचदा पुढची जागा मोकळी धरून दिलेला असतो. तिथे लिक्विड कूलिंगचा (प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणारा) ३६० मिमी लांबीचा रेडिएटर लावला की साधारण २७ मिमी त्याच्या जाडीचे आणि २५ मिमी फॅनचे, असे ५२ मिमी गेले. उरले २७८. कार्ड ३०४ मिमीचं असेल तर ते बसणारच नाही. म्हणून कुठलाही आकडा सुटा वाचू नका. सगळे पार्ट एकदम आत आहेत असं धरून हिशेब करा.

प्रोसेसरवरच्या कूलरचंही तसंच. कॅबिनेटची उंचीची मर्यादा १६५ मिमी, कूलर १५८ मिमी, म्हणजे बसायला हवा. पण उंच हीटसिंकची (उष्णता शोषणाऱ्या पत्र्याची) रॅम घेतली, तर कूलरचा पुढचा फॅन तिच्यावर टेकतो आणि १० मिमी वर सरकवावा लागतो. झाले १६८, आता झाकण लागत नाही. रेडिएटर वरच्या बाजूला लावणार असाल तरीही रॅमची उंची आधी बघा.

कार्डाची लांबी सगळे मोजतात, रुंदी विसरतात. पॉवरची केबल कार्डाच्या कडेतून बाजूच्या काचेच्या दिशेने बाहेर येते. नव्या १६ पिनी कनेक्टरची केबल पहिले ३५ मिमी तरी सरळ जायला हवी. काचेने दाबून ती मुळाशीच वाकली तर कनेक्टर पूर्ण बसत नाही आणि तापतो.

मदरबोर्डचं गणित सोपं आहे: एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड सहसा बसतो. मात्र आधीपासून लावलेले स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब) तपासा. बोर्डला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ मागच्या सोल्डरिंगला टेकतो आणि शॉर्ट होतो. मग पीसी चालूच होत नाही. असे जास्तीचे स्टँडऑफ काढून टाका.

एटीएक्स पॉवर सप्लायची रुंदी-उंची ठरलेली, १५० × ८६ मिमी. लांबी मात्र १४० पासून १८० मिमीच्या पुढेही जाते. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) असेल तर केबल वळायला आणखी जागा लागते आणि नेमका तिथेच हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो. तो सरकतो किंवा निघतो का, ते बघा.

हवेच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: जोरदार कार्ड लावायचं असेल तर पुढे जाळीच हवी. पुढे बंद काच आणि कडेला बोटभर फट असेल, तर आत तीन फॅन लावले तरी ते हवा कुठून ओढणार? पुढून दोन फॅन आत आणि मागून एक बाहेर, एवढं बहुतेकांना पुरतं. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ कमी शिरते. फिल्टर बाहेर ओढून काढता यायला हवा. पॉवर सप्लायखालचा काढायला कॅबिनेट आडवं करावं लागत असेल तर तो साफ होत नाही. सोबत आलेल्या फॅनला चार पिनी प्लग आहे का, तेही बघा. पॉवर सप्लायच्या मोलेक्स प्लगवर थेट चालणारे फॅन कायम एकाच वेगाने फिरत राहतात.

मदरबोर्डच्या मागे केबलसाठी २० ते २५ मिमी जागा असावी. मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनी केबल जाड असते. जागा कमी पडली की झाकण फुगतं.

प्रत्यक्ष हाताळता आलं तर झाकण काढून पत्रा दाबून बघा, स्क्रू फिरवून आटे तपासा. मागच्या बाजूला, कार्ड बसतं तिथल्या स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूच्या असाव्यात. तोडून काढायच्या पट्ट्या परत लागत नाहीत. काच काढली की फडक्यावर आडवी ठेवा. टफन्ड काचेचा कोपरा फरशीवर आपटला तर अख्खी काच चुरा होते.

पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी बोर्डवर वेगळं हेडर (त्याची केबल लावायची जागा) लागतं. नसेल तर पोर्ट नुसता शोभेचा. यूएसबी ३ चा जाड १९ पिनी प्लग सरळच दाबा, तिरका घातला की बोर्डवरच्या पिना वाकतात.