घरात कुणी गेल्यानंतर शोकाचे भयपट कसे बघावेत

दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. पाऊण तास आम्ही उन्हात उभे. एकेक जण पुढे होऊन काहीबाही कबूल करत होता. शेवटी मी म्हणाले, "दादा, आईला मी चरईत माझ्याकडे आणते." आणि कावळा उतरला. शोकातून उगवणारे भयपट मला तेव्हापासून कळायला लागले. ज्यांच्या घरात कुणी गेलंय आणि तरी ज्यांना हे चित्रपट बघायचेत, त्यांना माझी पद्धत सांगते.

वर्षश्राद्ध होऊ द्या. मी तीन महिन्यांतच एक लावला, अपघाताचा प्रसंग आला आणि रिमोट सापडेना. कथा आधी वाचून घ्या. कोण कसं मरतं हे कळल्याने असला चित्रपट वाया जात नाही. दुपारी बघा, आणि गेलेल्या माणसाला ओळखणारं कुणी सोबत असू द्या. माझ्यासोबत वहिनी असते.

सुरू झाल्यावर भूत शोधू नका, गेलेल्याच्या वस्तू शोधा. कुठे ठेवल्यात, कोण हात लावू देत नाही. 'द बाबाडूक'मध्ये (२०१४) अमेलियाला बाळंतपणासाठी हॉस्पिटलात नेताना तिचा नवरा अपघातात जातो. त्याचं सगळं सामान तळघरात कुलूपबंद. मुलाचा वाढदिवसही खऱ्या तारखेला होत नाही, कारण तीच तारीख बापाच्या मृत्यूची. एवढं लक्षात आलं की घरात शिरलेला राक्षस, म्हणजे बाबाडूक, कुठून आला हे वेगळं विचारावं लागत नाही. आमच्याकडे तळघर नाही, पोटमाळा आहे. दादाचं हेल्मेट तिथे आहे.

मग एखादा रंग धरून ठेवा. 'डोन्ट लुक नाऊ'च्या (१९७३) सुरुवातीला लाल रेनकोटमधली मुलगी तळ्यात बुडते. पुढे व्हेनिसमध्ये लाल दिसेल तिथे बापाचा चेहरा बघा. गोखले रोडच्या गर्दीत मला अजून दादाचा निळा चौकडीचा शर्ट दिसतो.

भूत खरं की मनातलं, याचा निकाल लावायची घाई करू नका. बरेच जण इथेच चुकतात. कावळा भुकेने उतरला की दादाने ऐकलं, हे मी आजवर ठरवलेलं नाही. आईला मात्र आणलं. चित्रपटातल्या माणसांनाही तेवढी मोकळीक द्या. हे भूत त्यांच्याकडून काय करवून घेतंय, तिकडे बघा.

शेवट अजिबात चुकवू नका. अमेलिया बाबाडूकला मारत नाही. त्याला तळघरात राहू देते आणि वाडग्यात गांडुळं नेऊन ठेवते. वहिनी म्हणाली, "पितृपक्षात आपण पान ठेवतो, तसंच की गं हे."

संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. आम्ही तलावपाळीला एक फेरी मारतो. त्या फेरीत दादाची आधी न सांगितलेली एक गोष्ट सांगायची, असं आमचं ठरलंय. गेल्या वेळी कळलं, की ते हेल्मेट तो आईपासून लपवून ठेवायचा. त्यावर एक ओरखडा होता.