ताटाचा छेद: आपल्या भागातल्या जेवणाचा भूगोल कसा मांडावा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी सातारा जिल्ह्याचा पूर्व-पश्चिम छेद काढत होते, म्हणजे एका सरळ रेघेवर उंची, पाऊस, माती कशी बदलते त्याची आकृती. एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या टोकाला माण तालुक्यातलं म्हसवड, तिथे जेमतेम 500. आलेखकागदावर रेघ ओढता ओढता जाणवलं, की दोन्ही टोकांना आपलीच माणसं आहेत. डोंगरातल्या मावशीकडे नाचणीची भाकरी, माणदेशातल्या आजीकडे बाजरीची. त्या दिवसापासून जेवणाचा अभ्यास हाच माझा भूगोल झाला. तुम्हाला करायचा असेल तर माझी पद्धत सांगते.

अख्खा जिल्हा अंगावर घेऊ नका. पाऊस किंवा माती बदलत जाते त्या दिशेने एक रेघ ओढा आणि तिच्यावरची चार गावं धरा. मी महाबळेश्वर, वाई, कोरेगाव आणि म्हसवड धरली.

गावात उतरलात की आधी पिठाची गिरणी गाठा. घराघरांतले डबे तिथे रांगेत असतात आणि कुणाकडे काय दळलं जातं हे गिरणीवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. थंडीत बाजरीचे डबे जास्त, ऊन तापू लागलं की ज्वारीचे. बाजरी उष्ण म्हणून. म्हणून एका फेरीत निष्कर्ष काढू नका. एकदा भोगीच्या आसपास जा, एकदा वैशाखात.

मग घरांत. "तुमचा पारंपरिक पदार्थ कोणता?" हा प्रश्न मी सोडून दिला, कारण उत्तर बहुतेक वेळा पुरणपोळी येतं. "काल रात्री काय केलं होतं?" असं विचारा. पुढचा प्रश्न, धान्य कुठलं: रानातलं, बाजारातलं की रेशनचं? वहीत हे तीन रकाने आखूनच जा. स्वयंपाक करणाऱ्या बाईशी चुलीपाशी बसून बोला. ओसरीवर पुरुषांनी सांगितलेलं आणि आत शिजलेलं यांत फरक पडतो.

सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटी विचारा: काय खायचं बंद झालं, आणि कधी? आजीने हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, सांगितलं, मग 1972 च्या दुष्काळावर आली. तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, वाटली जायची. "लाल हुती गं, घास उतरायचा न्हाई. पर खाल्ली." त्या दिवशी मी पुढचं काही विचारलं नाही, नुसती बसून राहिले.

आता कारणं शोधा. हलक्या, मुरमाड रानात कमी पावसावर बाजरी तग धरते. रब्बी ज्वारी भारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. पण मातीपाशी थांबू नका, गोठ्यातही डोकावा. कित्येक घरांत ज्वारी टिकली ती कडब्यासाठी. दावणीला जनावर आहे तोवर ताटात भाकरी आहे. कोरेगावकडे गेलात तर वाघ्या घेवडा, तिथला राजम्यासारखा घेवडा, बघा. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो आता घरच्या आमटीत किती पडतो आणि पोत्यातून बाजारात किती जातो, हे जरूर विचारा.

कागदपत्रं दोनच पुरतात. सातबाऱ्यातला गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंद. शक्य तितके जुने उतारे मिळवा. दुसरं, 1885 चं सातारा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, त्यातलं शेतीचं प्रकरण. उताऱ्यावर ऊस आणि ताटात रेशनचा गहू असं दिसलं, तर तिथे थांबा. रान आणि ताट यांची ताटातूट का झाली, हाच तुमच्या प्रबंधाचा विषय.

शेवटी छेद काढा. वर उंचीची रेघ, तिच्याखाली पाऊस, त्याखाली माती आणि सगळ्यात खाली प्रत्येक गावाचं ताट. म्हसवडच्या चौकटीत मी लिहिलंय: बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, कांदा. बाजरी रानातली, मटकी रानातली, कांदा बाजारचा.